न्यूमोनेक्टमीनंतर (एक अख्खं फुप्फुस काढल्यावर) हृदय पेरिकार्डियममधून (हृदयाभोवतीच्या पिशवीतून) बाहेर निसटलं, तर पहिल्या पाच मिनिटांत नक्की काय करायचं?

रात्रपाळी_आयसीयू:

छातीच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटसाठी खाटेशेजारी लावायचं एक पानी कार्ड करतोय. रक्तस्राव, हवेची गळती, एट्रियल फिब्रिलेशन हे लिहून झालं. घोडं अडलंय कार्डियाक हर्निएशनपाशी, म्हणजे हृदय असं बाहेर निसटण्यापाशी. बहुतेक पुस्तकांत याच्यावर दोनच ओळी असतात: दुर्मीळ, जीवघेणं, ताबडतोब पुन्हा छाती उघडा. रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या रेसिडेंटच्या हाती त्यातून काही लागत नाही.

असं धरून चाला: गाठ फुप्फुसाच्या मुळापर्यंत आलेली, म्हणून पेरिकार्डियम उघडून आतूनच रक्तवाहिन्या बांधल्या आणि उजवं फुप्फुस काढलं. चार तास सगळं ठीक. मग कूस बदलताना सिस्टॉलिक १२० वरून ५५, नाडी १४०, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) ६ वरून २२. आता हे रक्तस्रावापासून, पीईपासून (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी) आणि डाव्या बाजूच्या टेन्शन न्यूमोथोरॅक्सपासून (फुप्फुसाबाहेर दाबाने कोंडलेली हवा) वेगळं कसं काढायचं? एक्स-रेसाठी थांबायचं का? पेशंटला कुठल्या कुशीवर घ्यायचं? आणि रिकाम्या पोकळीत हवा भरतात असं वाचलंय, ते खरंच कोणी करतं का?

भूल_आणि_श्वास:

तुमच्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे सर. बीपी कोसळलं, सीव्हीपी चढला आणि हे कूस बदलताना झालं. तिन्ही एकत्र आलं की पहिला संशय हर्निएशनचाच घ्यायचा.

आधी आत काय होतं ते बघू, कारण उपचार त्यातूनच निघतात. उजवीकडे हृदय भोकातून रिकाम्या पोकळीत जाताना स्वतःभोवती फिरतं. वरची आणि खालची महाशिरा जिथे उजव्या एट्रियमला मिळतात तिथेच पीळ बसतो, ओल्या कपड्याला बसतो तसा. हृदयात रक्त येणंच थांबतं. म्हणून मानेच्या शिरा टरारून फुगतात, चेहरा काळानिळा पडतो आणि हातपाय मात्र गार, पांढरे. ईसीजीवर अॅक्सिस सरकलेला दिसेल, एसटी-टीचे बदल दिसतील, पण त्यांचा अर्थ लावत बसू नका.

वेगळं काढायचं ते असं. रक्तस्रावात सीव्हीपी खाली जातो. मात्र न्यूमोनेक्टमीचा ड्रेन (छातीत ठेवलेली निचऱ्याची नळी) बऱ्याच ठिकाणी क्लॅम्प करून ठेवतात आणि तासाला मिनिटभर सोडतात, त्यामुळे बाटली कोरडी दिसली म्हणून रक्तस्राव नाही असं समजू नका. क्लॅम्प सोडून बघा. डाव्या टेन्शनमध्ये डावीकडे आवाज बंद होतो आणि व्हेंटिलेटरवर असेल तर प्रेशर चढतं. टॅम्पोनाड (पेरिकार्डियमच्या आत हृदय दाबलं जाणं) होऊ शकतो, पण पेरिकार्डियम छातीत उघडं असेल तर रक्त साठायला जागाच नाही. पेरिकार्डियमच्या भोकावर पॅच (ठिगळ) घट्ट शिवला असेल तर मात्र हा विचार करावाच लागतो. पीई सगळ्यात फसवी, सीव्हीपी तिथेही चढतो. पण पीईला कुशीशी देणंघेणं नसतं.

एक गोष्ट दहा सेकंदांत होते आणि कोणी करत नाही: उजव्या छातीवर, निपलच्या बाहेरच्या बाजूला तळहात ठेवा. तिथे हृदयाचा ठोका हाताला लागला तर एक्स-रे हवाच कशाला?

आता कृती. पेशंटला ऑपरेशन झालेली बाजू वर येईल असं कुशीवर घ्या. उजवी न्यूमोनेक्टमी असेल तर डाव्या कुशीवर. गुरुत्वाकर्षणाने हृदय मागे आपल्या जागेकडे पडतं. बीपी लगेच सुधारलं तर निदान आणि पहिला उपचार एकाच हालचालीत झाला. नाही सुधारलं म्हणून हर्निएशन नाही असं मात्र होत नाही. पीळ घट्ट बसला असेल तर नुसत्या कुशीने सुटत नाही.

इथे एक घोळ आहे. न्यूमोनेक्टमीनंतर उरलेलं फुप्फुस वर राहावं म्हणून ऑपरेशनची बाजू खाली ठेवायची, असं नर्सिंगला शिकवलेलं असतं. साध्या न्यूमोनेक्टमीला ते चालतं. पेरिकार्डियम उघडलेल्या पेशंटला नेमकं तेच मारक ठरतं. त्यामुळे कार्डाआधी खाटेच्या बोर्डावर लिहायला हवं: पेरिकार्डियम उघडलं आहे, उजवी कूस खाली नको.

कूस वळवतानाच दुसऱ्याने ड्रेन बघायचा. सक्शन चालू असेल तर तत्क्षणी काढायचं. लोबेक्टमीच्या (फुप्फुसाचा फक्त एक भाग काढलेल्या) बऱ्याच पेशंटना उणे २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर लावलेलं असतं, म्हणून सवयीने यालाही लागतं, आणि इथे ते भिंतीवरचं सक्शन थेट हृदयाला ओढत असतं. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) शून्याजवळ आणा आणि टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला दिलेली हवा) ४ ते ५ मिली प्रति किलोवर उतरवा. एकुलतं एक डावं फुप्फुस फुगताना हृदयाला भोकातून बाहेर रेटत असतं. खोकला आणि ट्यूबवर झटापट यांचाही तोच परिणाम, तेव्हा गरज पडली तर रिलॅक्संट (स्नायू शिथिल करणारं औषध) द्या.

नॉरअॅड्रेनलिन चालू करा, फ्लुइड २५० मिलीच्या टप्प्यांनी. महाशिरा मुरगळलेल्या असताना दिलेलं औषध हृदयापर्यंत उशिरा पोचतं. परिणाम दिसेना म्हणून डोसावर डोस चढवले तर हृदय जागेवर आल्याक्षणी सगळं एकदम पोचतं आणि सिस्टॉलिक २२० होतं. ताज्या टाक्यांना ते परवडत नाही.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे कूस वळवता वळवताच, सर्जनला आणि ओटीला फोन गेलेला हवा.

क्ष_किरण:

फिल्मसाठी थांबू नका, हे आमच्याच विभागाचं मत समजा. पोर्टेबल मशीन दारात उभं असेल आणि पेशंट टिकून असेल तर एक फिल्म घ्या, आणि ऑपरेशननंतरची पहिली फिल्म शेजारी लावून बघा. एकट्या फिल्मवर चूक होते.

उजवीकडे पूर्ण निसटलेलं हृदय ओळखायला कठीण नाही. सावली उजव्या छातीत, डेक्स्ट्रोकार्डियासारखी. अवघड असते ती सुरुवातीची अवस्था. थोडासाच भाग बाहेर आलेला असतो तेव्हा मुळाशी एक गोलसर, गुळगुळीत फुगवटा दिसतो. याला स्नो-कोन साइन म्हणतात. फुगवटा आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये खाच दिसली तर संशय पक्का करा. सीव्हीपीच्या लाइनचा मार्गही बघा: आदल्या फिल्ममध्ये सरळ उतरलेली लाइन आता बाकदार दिसत असेल तर वाहिनीच मुरगळली आहे.

दोन सापळे. पहिला म्हणजे तिरकी फिल्म. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का हे बघितल्याशिवाय हृदय सरकलं म्हणू नका. दुसरा, "न्यूमोनेक्टमीनंतर मेडिआस्टिनम त्या बाजूला सरकतंच की" हे वाक्य (मेडिआस्टिनम म्हणजे दोन फुप्फुसांमधला, हृदयासकटचा भाग). सरकतं, पण हळूहळू. पोकळीत द्रव साधारण रोज एक-दोन बरगड्यांच्या फटींइतका चढतो आणि सरकणं त्याच चालीने होतं. चौथ्या तासाला हृदय उजवीकडे असणं यात बसत नाही.

सीटी फक्त स्थिर पेशंटला, बहुधा अपघातानंतरच्या. तिथे हृदयाला कंबर आवळल्यासारखी दिसते, ती कॉलर साइन. कधी हवेने भरलेली रिकामी पिशवीच दिसते आणि हृदय शेजारच्या पोकळीत असतं.

रात्रपाळी_आयसीयू:

दोघांचे आभार. तळहाताची गोष्ट कार्डावर जाणार. हवेचं राहिलं. आणि सर्जन मंडळींना: डावीकडे वेगळं काही करायचं असतं का? भोक कितीही लहान असलं तरी बंद करायचंच का?

फुप्फुस_सर्जन:

डावी आणि उजवी हे दोन वेगळे आजार धरून चाला.

उजवीकडे पीळ मारतो. डावीकडे हृदय सहसा फिरत नाही, कारण त्याचं टोक आधीच त्या दिशेला असतं. तिथे व्हेंट्रिकल भोकातून बाहेर येतं आणि पेरिकार्डियमची कड त्याला गळफासासारखी आवळते. कडेखालची कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी) दाबली जाते, स्नायूला सूज येते, सुजेने फास आणखी घट्ट होतो. म्हणून डावीकडचं चित्र हार्ट अटॅकसारखं दिसतं: एसटी चढलेला, व्हेंट्रिक्युलर अॅरिदमिया. रेसिडेंट कार्डिऑलॉजीला फोन लावतो आणि वेळ तिथेच जातो.

यातून उलटं वाटणारा नियम निघतो. डावीकडे लहान भोक जास्त धोक्याचं. पार डायाफ्रॅमपर्यंत उघडलेलं पेरिकार्डियम बहुतेक वेळा त्रास देत नाही, कारण आवळायला कडच उरत नाही. डावीकडे भोक नीट बंद होत नसेल तर ते खालपर्यंत मोठं करणं हा मान्य पर्याय आहे. उजवीकडे असला पर्याय नाही. भोक मोठं केलं तर पूर्ण हृदय बाहेर येईल. उजवीकडे पॅच लावायचाच, आणि याच्यावर माझ्या लेखी चर्चा नाही. डावीकडेही मी पॅचच सुचवेन, पण तिथे वेगळं मत असणाऱ्याशी भांडणार नाही.

नुसते टाके घालून कडा एकत्र आणणं हा मोह टाळा. कापलेला तुकडा गेलेला असतो, कडा ओढून शिवल्या की उरलेली पिशवी हृदयाला अपुरी पडते. टेबलावर पेशंट कुशीवर असताना बीपी ठीक दिसतं, उताणा केला की पडतं. मग हर्निएशन टाळायला गेलो आणि टॅम्पोनाड घडवला अशी गत.

पॅचसाठी बोवाइन पेरिकार्डियम सगळ्यात मऊ बसतं. ०.१ मिलिमीटरचा पीटीएफई पडदा चालतो. विरघळणारी पॉलिग्लॅक्टिन जाळीही चांगली: ती विरघळेपर्यंत हृदय आजूबाजूला चिकटून स्थिर झालेलं असतं, छिद्रांतून द्रव आपोआप निचरतो, आणि पुढे पोकळीत पू झालाच तर काढायला परका पदार्थ उरत नाही. कडक पॉलिप्रोपिलीन जाळी हृदयावर नको, तिच्या कडा टोचतात.

पॅच भोकापेक्षा थोडा मोठा कापायचा आणि सैल ठेवायचा. हृदय पूर्ण भरलेलं असताना पॅचखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. टाके सुटे, ३-० किंवा ४-० पॉलिप्रोपिलीनचे, मध्ये साधारण सेंटिमीटरभर अंतर सोडून. सलग शिवण घातली तर एक धागा सुटला की सगळी कड उघडते, शिवाय द्रवाला वाट राहत नाही. बोवाइन किंवा पीटीएफई असेल तर कात्रीने चार-पाच छिद्रं पाडा. मागची कड सगळ्यात कंटाळवाणी. पल्मनरी व्हेन कापल्या तिथे पेरिकार्डियमचा काठ आत आक्रसून गेलेला असतो आणि शोधावा लागतो. म्हणून तो व्हेन कापण्याआधीच दोन धाग्यांनी पकडून ठेवलेला बरा. पॅच निघतो तो बहुतेक याच कडेला.

शेवटचा टाका बांधल्यावर भूल देणाऱ्यांना सांगून फुप्फुस नीट फुगवायला लावा आणि बीपी, सीव्हीपी बघा. मग छाती बंद. कुशीवरून उताणं करतानाचा क्षण सगळ्यात नाजूक असतो, तेव्हा ट्रॉली आणायची घाई नको. पाच मिनिटं टेबलावरच थांबायचं, कात्री आणि रिट्रॅक्टरचा ट्रे उघडाच ठेवायचा.

आता पुन्हा उघडण्याबद्दल. भूलवाल्यांनी सांगितलेली कूस आणि थोरॅकोटमीची (छाती उघडण्याची) पोझिशन एकच आहे. पेशंटला परत उताणं करायचं कारणच नाही. आहे तिथेच जुन्या चिऱ्यातून आत जायचं, अगदीच बीपी नसेल तर आयसीयूतच. उजवीकडे तळहात हृदयाखाली सारून, उचलून, पीळ उलगडत आत ठेवायचं. टोक धरून ओढायचं नाही. डावीकडे आधी फास सोडवायचा: कडेखाली एक बोट सरकवा आणि बोटावरूनच पेरिकार्डियम कापा. बोट मध्ये नसेल तर कात्रीखाली थेट कोरोनरी येते. फ्रेनिक नर्व्ह (डायाफ्रॅम हलवणारी नस) कुठून जाते ते आधी बघून ठेवा. हृदय जागेवर गेलं की फिब्रिलेशन होऊ शकतं, इंटर्नल पॅडल (थेट हृदयावर शॉक देणारे) १० ते २० जूलवर तयार हवेत.

हृदय थांबलंच तर बाहेरून दाबण्याने फारसं साधत नाही, कारण मुरगळलेल्या हृदयात दाबून बाहेर काढायला रक्तच नसतं. छाती उघडेपर्यंत दाबत राहा, पण उघडायला उशीर नको.

हे कोणाला नवं प्रकरण वाटत असेल तर सांगतो, न्यूमोनेक्टमीनंतरचं हर्निएशन बेटमन आणि टॅननबॉम यांनी १९४८ सालीच मांडलं होतं. वेळेत ओळखलं तरी निम्म्याच्या आसपास पेशंट दगावल्याचे आकडे प्रसिद्ध आहेत, आणि न ओळखल्यास जवळजवळ कोणी वाचत नाही. बहुतेक प्रसंग पहिल्या २४ तासांतले. नंतर हृदय चिकटतं, पण उशिरा कधीच होत नाही असं नाही.

भूल_आणि_श्वास:

हवेबद्दल. हो, ऑपरेशनच्या बाजूला एक ते दोन लिटर हवा भरून हृदय मागे ढकलल्याची नोंद साहित्यात आहे. पण हिशोब करा: ५० मिलीच्या सिरिंजने एक लिटर म्हणजे वीस वेळा, दोन लिटर म्हणजे चाळीस. थ्री-वे लावून ड्रेनच्या नळीतून भरली तरी एक माणूस त्यातच अडकतो. हवा जास्त झाली तर मेडिआस्टिनम डाव्या, म्हणजे एकुलत्या फुप्फुसावर चढतं. म्हणून बीपीकडे बघत, २०० मिलीच्या टप्प्यांनी. सक्शनमुळेच हे झालं असेल तर आधी नळी सक्शनपासून तोडून क्षणभर हवेला मोकळी करा. आतला ओढा तेवढ्यानेही संपतो, आणि कोलमडायला त्या बाजूला फुप्फुसच उरलेलं नाही.

फुप्फुस_सर्जन:

इथे मी थोडा वेगळा. सर्जन वीस मिनिटांवर असेल तर हवा भरा. सर्जन त्याच इमारतीत असेल तर ते हात ओटीची तयारी करायला लावा. हवेने पीळ सुटेलच याची खात्री नाही, आणि सुटला तरी भोक आहे तिथेच असतं. पुढच्या खोकल्याला पुन्हा तेच.

भूल_आणि_श्वास:

मान्य. एक राहिलंच: पुन्हा ट्यूब टाकायची वेळ आली तर डबल ल्यूमेनच्या (दोन फुप्फुसांना वेगवेगळी हवा देणाऱ्या ट्यूबच्या) नादी लागू नका, फुप्फुस एकच आहे. साधी ट्यूब, टोक कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभागते त्या जागेच्या) बरंच वर. खोल गेलेली ट्यूब उजव्या ब्रॉन्कसच्या ताज्या टाक्यांवर आदळते. बेशुद्धीसाठी केटामिन किंवा इटोमिडेट, नेहमीच्या निम्म्या डोसाने सुरुवात. आणि शक्य असेल तर सर्जन ग्लव्हज घालून उभा असतानाच इंडक्शन (भूल सुरू करणं).

अपघात_विभाग:

कार्ड न्यूमोनेक्टमीचं आहे, तरी मागे दोन ओळी आमच्यासाठी ठेवा. छातीला मुका मार बसूनही पेरिकार्डियम फाटतं. सगळ्यात जास्त डावीकडे, फ्रेनिक नर्व्हला समांतर, त्याखालोखाल डायाफ्रॅमच्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात पोटातलं आतडंसुद्धा पेरिकार्डियममध्ये शिरू शकतं.

खूण पुन्हा तीच: स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना किंवा लॉगरोल करताना (सगळं अंग एकत्र वळवताना) बीपी एकदम जातं आणि परत वळवल्यावर येतं. अशा वेळी "मॉनिटरची वायर हलली असेल" असं म्हणून कोणी सोडून देऊ नये. स्टेथोस्कोपने कधी पाणचक्कीसारखा खळखळ आवाज येतो, हवा आणि रक्त एकत्र घुसळल्याचा. फास्ट स्कॅन (अपघातातलं झटपट अल्ट्रासाउंड) निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका, फाटलेल्या पेरिकार्डियममधलं रक्त प्ल्यूरात (फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत) निघून जातं. उलट, सबझायफॉइडमधून (छातीच्या मधल्या हाडाखालून) हृदय दिसतच नसेल तर ते "खराब विंडो" म्हणून सोडू नका. हृदय जागेवर नसेल म्हणूनही दिसत नसेल.

ट्यूब टाकून पॉझिटिव्ह प्रेशर सुरू केल्यावर पहिल्यांदा कोसळणारे यात असतात, आणि सगळे टेन्शन न्यूमोथोरॅक्सच्या मागे धावतात. दोन्ही बाजूंना ड्रेन टाकून फरक पडला नाही की पुढचा विचार हाच करा.

नवीन_सभासद:

विषय निघालाय म्हणून विचारतो. सीटीत योगायोगाने जन्मजात पेरिकार्डियम नसल्याचं कळलं, तर त्यालाही असंच निसटण्याचा धोका असतो का?

क्ष_किरण:

डावीकडचं पूर्णच नसेल तर बहुधा काही करावं लागत नाही. हृदय डावीकडे झुकलेलं दिसतं, अॅओर्टा आणि पल्मनरी आर्टरी यांच्यामध्ये फुप्फुसाची जीभ शिरलेली असते, पण आवळायला कड नसते. वर सर्जनने सांगितलेला नियम इथेही लागू. काळजी अर्धवट, भोकासारख्या दोषाची. त्यातून डाव्या एट्रियमचं अपेंडेज किंवा व्हेंट्रिकलचा भाग बाहेर येऊन अडकू शकतो आणि अचानक मृत्यूच्याही नोंदी आहेत. छातीत दुखत असेल किंवा एमआरआयमध्ये अडकलेला भाग दिसत असेल तर सर्जनकडे पाठवायचं. या दोषाचं वर्णन रेआल्डो कोलंबोने १५५९ सालीच केलं होतं, म्हणजे माणसाला माहीत होऊन साडेचार शतकं उलटली. तरीही रिपोर्टमध्ये "हृदय डावीकडे, कारण अस्पष्ट" असं लिहिलेलं सर्रास सापडतं.

रात्रपाळी_आयसीयू:

कार्डाचा वरचा भाग असा लिहिलाय, बघून सांगा:

"कूस बदलताना, खोकल्यावर किंवा सक्शन लावल्यावर बीपी कोसळलं + सीव्हीपी चढला = हर्निएशन समजा. सर्जन आणि ओटीला फोन. उजवी बाजू वर घ्या. सक्शन बंद. पीप शून्य, टायडल व्हॉल्यूम ४-५. ड्रेनचा क्लॅम्प सोडून रक्त बघा. एक्स-रेसाठी थांबू नका."

फुप्फुस_सर्जन:

एक दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची. "उजवी बाजू वर" काढून "ऑपरेशनची बाजू वर" करा. हेच कार्ड उद्या डाव्या न्यूमोनेक्टमीच्या खाटेला लागेल आणि कोणीतरी ते वाचून पेशंटला बरोबर उलट्या कुशीवर घेईल. बाजू कोणती ते मार्करने खाटेच्या बोर्डावर लिहायचं, ओटीतून पेशंट आल्या आल्या, आणि पेरिकार्डियम उघडलं होतं की नाही आणि पॅच लावला की नाही हेही तिथेच. ऑपरेशनच्या नोट्स तेव्हा टाइप व्हायच्या असतात.